न बोलणाऱ्या जोडीदाराचा हिस्सा

ताईला पेन्शनमधला जोडीदाराचा हिस्सा मिळेल की नाही, याची चौकशी करायला मला पाठवलं, ते मला नियम समजतात असा घरात समज होता म्हणून. मी आयुष्यभर वाचनालयात पुस्तकांच्या पाठीवर नंबर चिकटवले. त्यामुळे छापलेलं सगळं मला कळतं असं भावोजींना वाटतं. ते मला 'पंडित' म्हणतात. म्हणताना हसतात, पण कुठलाही सरकारी कागद आला की तो फोडतसुद्धा नाहीत, तसाच माझ्या हातात देतात.

भावोजी शिंपी आहेत. खाली दुकान, वर त्यांच्या दोन खोल्या आणि त्यांच्यावर छपराखाली माझी एक. दुकानात एक लांब टेबल आहे. त्याच्या एका टोकाला उभं राहून भावोजी कापड कापतात. दुसऱ्या टोकाला, खिडकीपाशी बसून ताई काजं करते, बटणं लावते, तुरपाई करते आणि शेवटी इस्त्री फिरवते. कोटाची काजं ती अजून हातानेच करते, कारण मशीनच्या काजांना भावोजी 'उंदराने कुरतडलेली भोकं' म्हणतात. लग्न झालं त्या वर्षापासून हे असंच चाललं आहे. फरक इतकाच, की गेली आठ-नऊ वर्षं ते दोघं एकमेकांशी बोलत नाहीत.

यात राग वगैरे फारसा उरलेला नाही, निदान मला तरी दिसत नाही. घर नीट चालतं. "कात्री कुठे गेली कुणास ठाऊक," असं भावोजी भिंतीला सांगतात, आणि टेबलावरून घसरत कात्री त्यांच्या हाताशी येते. "दूध संपलंय बरं का," असं ताई इस्त्रीला सांगते, आणि संध्याकाळी दूध येतं. भिंत आणि इस्त्री यांच्या आवाक्याबाहेरचं काही असेल, म्हणजे आजारपण, पाहुणे, छपराची गळती, तर मग मी. "अरे छोट्या, ह्यांना सांग..." किंवा "पंडित, तुझ्या बहिणीला विचार..." माझी साठी उलटली तरी ताईचा मी छोट्याच आहे. दोघं समोरासमोर बसलेले असतात, मी मध्ये बसून ऐकतो, आणि ऐकलेलं पुन्हा म्हणतो. सुरुवातीला मी वाक्यं जरा गोड करून सांगत असे. ताईने एकदा झापलं, "मी म्हटलं तेवढंच सांग. पदरचं घालू नकोस." तेव्हापासून जसंच्या तसं.

अबोला कसा सुरू झाला, ते मला माहीत आहे, कारण मी तेव्हा दुकानात पेपर वाचत बसलो होतो. एका गिऱ्हाइकाच्या कोटाची काजं बोटभर वर गेली होती. खूण भावोजींनीच चुकीची केली होती. गिऱ्हाईक तापट होतं. "काजं कुणी केली? ह्या बाईंनी?" असं त्याने ताईकडे बोट करून विचारलं. भावोजी म्हणाले, "छे छे. ती काही काम करत नाही. नुसती बसलेली असते." त्या वेळी ताईच्या मांडीवर दुसरा कोट होता आणि तोंडात दोरा होता. तिने दोरा तोडला, काज पुरं केलं आणि वर निघून गेली. दुसऱ्या दिवशी कामाला आली, पण बोलली नाही. भावोजींनी दोन दिवस वाट पाहिली आणि मग तेही गप्प झाले. अबोल्याचं असं असतं, की पहिल्या आठवड्यात तो मोडला नाही तर पुढे कुणी कशाने मोडायचा हेच कळेनासं होतं.

आता पेन्शनचं. भावोजींची पेन्शन गेल्या वर्षी सुरू झाली. दुकान चालवणाऱ्यांसाठीही ती योजना आहे. दरसाल वर्गणी भरायची आणि वय झालं की महिन्याला ठरलेली रक्कम घ्यायची. त्यांच्या मंजुरीबरोबर एक जाड पुस्तिका आली होती. ती अर्थातच माझ्याकडे आली आणि मी ती कादंबरीसारखी वाचली. मागच्या बाजूला जोडीदाराच्या हिश्श्यावर एक प्रकरण होतं. ज्याची पेन्शन सुरू झाली आहे त्याच्या नवऱ्याला किंवा बायकोला, वय पूर्ण झालेलं असेल तर, मूळ पेन्शनच्या निम्म्याएवढा हिस्सा मिळतो. तो पेन्शनमधून कापून नव्हे, तर वरून मिळतो. आणि तो जोडीदाराच्या स्वतःच्या बँकेतल्या खात्यात जमा होतो.

हे मी जेवताना वाचून दाखवलं. भावोजी पाणी प्यायले आणि म्हणाले, "पंडित, मग तिला सांग की अर्ज कर. हक्काचं आहे, सोडू नकोस म्हणावं."

मी ताईकडे वळून सांगितलं. ताईने मान हलवली, पण तिच्या चेहऱ्यावर काहीतरी झालं. भावोजी खाली गेल्यावर ती हळूच म्हणाली, "माझ्या स्वतःच्या खात्यात? ह्यांच्या सहीशिवाय काढता येतील?"

"येतील."

"मग कर बाबा लवकर काय ते. मला दात बसवायचेत."

डाव्या बाजूच्या तिच्या तीन दाढा गेल्या होत्या आणि चौथी हलत होती. वरणाचं पाणीसुद्धा उजवीकडून गिळत होती ती. घरखर्चाचा डबा फळीवर असतो. भावोजी त्यात पैसे टाकतात, ताई काढते, कुणी कुणाला हिशेब विचारत नाही. पण दातांचा खर्च डब्यातून भागण्यासारखा नव्हता. तो मागावा लागणार होता.

"मी सांगतो की भावोजींना," मी म्हणालो.

"काय सांगशील? तुमच्या बायकोला चावता येत नाही म्हणून? नवऱ्याकडे दात मागायचे, तेही भावाच्या तोंडून? नको. कवळीशिवाय मरेन, पण तसलं काही करू नकोस."

म्हणजे तिच्या दृष्टीने हिस्सा म्हणजे कुणाकडे मागायला न लागणारे पैसे. एवढी एकच गोष्ट तिला हवी होती, आणि ती मिळवून देणं माझ्यावर येऊन पडलं.

पात्रतेच्या अटी मी दोन-तीनदा वाचल्या. लग्नाला दहा वर्षं झालेली असावीत. त्याची काळजी नव्हती. दोघं एकत्र राहत असावेत, विभक्त नसावेत. तेही ठीक. आणि तिसरी अट, जोडीदाराचं स्वतःचं उत्पन्न नसावं, अशी काहीतरी होती. तिच्याखाली बारीक टाइपात बऱ्याच पोटअटी होत्या, त्यांत 'वगळून' आणि 'अन्यथा' हे शब्द इतक्या वेळा आले होते की मी त्यांचा नाद सोडला. ताईला पगार कोण देत होतं? उत्पन्न नव्हतं. झालं.

पेन्शन कचेरीत खिडकीवर एक तरुण बाई होत्या. त्यांना सर्दी झाली होती. मला अनोळखी माणसांशी, त्यातून काचेच्या भोकातून, बोलायचं म्हणजे घाम फुटतो. मी जे बोलणार होतो ते मनात घोळवून गेलो होतो. लग्नाचा दाखला दिला, पत्ता सांगितला, सगळं सुरळीत चाललं होतं. मग त्यांनी नाक पुसत, बहुधा नेहमीच्या सवयीने, विचारलं, "दोघांमध्ये काही वाद, तंटा वगैरे?"

हे मी घोळवलेलं नव्हतं.

"छे," मी म्हणालो, "वाद कुठून होणार? ते बोलतच नाहीत."

बाईंनी रुमाल खाली ठेवला. "बोलत नाहीत म्हणजे?"

"म्हणजे एकमेकांशी. बाकी बोलतात."

"किती दिवस?"

"दिवस नाही हो, वर्षं..."

"एकाच घरात राहतात?"

"एकाच. एकाच टेबलावर काम... म्हणजे एकाच टेबलाशी असतात."

त्या काहीतरी लिहायला लागल्या. मी काचेला नाक लावून म्हणालो, "तसं काही नाही हो, दूध वगैरे आणतात ते." त्यावर त्या पहिल्यांदा हसल्या, आणि म्हणाल्या, "आजोबा, एका छपराखाली राहून वेगळं झालेली जोडपीही असतात. तसं असेल तर हिस्सा बसत नाही. आमचा माणूस घरी येऊन बघून जाईल. दोघांना हजर ठेवा."

घरी येऊन हे सांगितल्यावर ताईने कपाळाला हात लावला. "हात दाखवून अवलक्षण! तुला विचारलं होतं का रे कुणी?"

"विचारलं म्हणून तर बोललो."

"एरवी तुझ्या तोंडातून शब्द काढायला चिमटा लागतो. आणि तिथे बरा पोपट झालास?"

भावोजींना कळलं तेव्हा ते इतके हसले की खडू हातातून पडला. मग गंभीर होऊन म्हणाले, "तपासनीस आला की काय विचारील?"

"एकत्र राहता का, हे विचारील. तेव्हा तुम्ही दोघांनी..." मी अडखळलो. "म्हणजे त्याच्या समोर निदान दोन वाक्यं एकमेकांशी..."

ताई सुई ओवत होती. भावोजी पट्टीने कापडावर उगाच रेघ मारत होते.

"दुसरं काय विचारील?" भावोजींनी विषय बदलला.

दुसरं काय ते मी पुस्तिकेत पुन्हा पाहिलं, आणि तेव्हा मला खरी भीती वाटली. उत्पन्नाची अट. तपासनीस दुकानात येणार. त्याला ताई काजं करताना दिसणार. तिला काम आहे, म्हणजे कमाई आहे, म्हणजे हिस्सा नाही, असं त्याने म्हटलं तर? मला त्यावर एकच उपाय सुचला. मी भावोजींना म्हणालो, "एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. त्याने ताईबद्दल विचारलं तर सांगायचं की ती काही काम करत नाही. नुसती..."

वाक्य तोंडातून निघाल्यावर मला कळलं, मी कुठलं वाक्य म्हणतोय ते. ताईची सुई थांबली होती. भावोजी माझ्याकडे बघत होते, आणि ते मला पंडित म्हणतात त्या नजरेने नव्हे.

"नुसती काय?" ताई म्हणाली. "बोल की. पुढचं पाठ आहे सगळ्यांना."

"ताई, पैशांचा प्रश्न आहे."

"मी कुठे नाही म्हणतेय? ह्यांना सांग, खुशाल म्हणा. सवय आहेच."

मी भावोजींकडे वळलो, पण सांगायची गरज नव्हती. त्यांनी ऐकलं होतं. त्यांनी कात्री उचलली, खाली ठेवली आणि बाहेर जाऊन दुकानाची पाटी पुसत बसले. ती पाटी त्यांनी पुसलेली मी आजवर पाहिली नव्हती.

तपासनीस आला तो दुपारी, गिऱ्हाइकांचा राबता नसताना. पन्नाशीचा, जाडसर, कातडी पिशवी खांद्याला अडकवलेला माणूस. पिशवीच्या वजनाने त्याचा एक खांदा खाली गेला होता. भावोजींचं लक्ष आधी तिकडे गेलं. ते माझ्या कानात पुटपुटले, "ह्याला तयार कोट कधी बसायचा नाही." मग त्यांनी त्याला स्टूल दिलं. ताईने मांडीवरचं काम बाजूला ठेवून हात पदराखाली घेतले, जणू काही त्या हातांचा त्या टेबलाशी संबंधच नाही. मला ते बघवेना.

तपासनिसाने कागद पसरले. "अर्जदार बाई ह्याच?"

"होय," मी म्हणालो.

"तुम्ही कोण?"

"मी त्यांचा भाऊ. यांचा मेहुणा. वर राहतो."

"बरं. मग आता तुम्ही बोलू नका. मला ह्या दोघांकडून ऐकायचंय." हे तो सहज म्हणाला, पण इतक्या वर्षांत त्या दुकानात असं मला कुणी म्हटलं नव्हतं. मी मागे सरकून कापडाच्या गठ्ठ्यावर बसलो.

लग्नाचं वर्ष, मुलं, खोल्या किती, स्वयंपाक एकत्र होतो का, असं त्याने एकेकाला विचारलं. एकेकाने उत्तरं दिली, त्याच्याकडे बघून. तोवर ठीक होतं. मग तो भावोजींना म्हणाला, "बाई काय करतात?"

भावोजी टेबलावरच्या चिंध्या गोळा करायला लागले.

"म्हणजे कामधंदा काही? नोकरी? की घरीच?"

मी गठ्ठ्यावरून डोळ्यांनी खुणा केल्या. भावोजींनी माझ्याकडे पाहिलंच नाही. त्यांनी टेबलावरचा कोट उचलला. ताईने बाजूला ठेवलेला तोच. त्याची पुढची पट्टी उलटी करून तपासनिसापुढे धरली.

"हे बघा."

"काय बघू?"

"काज बघा. उलट्या बाजूने बघा. कुठे गाठ दिसते? हे मी केलेलं नाही. मला येत नाही. मी फक्त कापतो. हे दुकान अर्धं तिच्या हातावर चाललंय, आणि अर्धं म्हणतोय तेही लाजेकाजेस्तव. मी एकदा एका गिऱ्हाइकापुढे म्हटलं की ही नुसती बसते. पुन्हा म्हणणार नाही. तुमचा हिस्सा तुमच्यापाशी ठेवा."

झालं, मी मनात म्हटलं. गेले दात.

तपासनीस कोट हातात घेऊन काज बघत राहिला. मग म्हणाला, "हिस्सा ठेवायचा कशाला? त्याचा काय संबंध?"

माझ्याच्याने राहवलं नाही. "साहेब, उत्पन्नाची अट..."

"तुम्ही बोलू नका म्हटलं ना?" मग त्याला दया आली असावी. "काय वाचलंत तुम्ही?"

"स्वतःचं उत्पन्न नसावं..."

"आणि खालचं बारीक?"

मी गठ्ठ्यावर आणखी मागे सरकलो.

"सगळे वरचंच वाचतात," तो म्हणाला. "अट अशी आहे: जोडीदाराची आमच्याकडे स्वतःची पेन्शन असेल, तर आधी ती द्यायची. ती जर नवऱ्याच्या निम्म्यापेक्षा कमी भरत असेल, तर जेवढी कमी तेवढी भर हिश्श्यातून घालायची. स्वतःची काहीच नसेल तर सगळा निम्मा हिस्सा. म्हणजे कसंही फिरवा, बाईंच्या हातात निम्म्याहून कमी येत नाही. काम केलं म्हणून हिस्सा बुडत नाही. नवऱ्याच्या दुकानात बिनपगारी मदत तर आम्ही मोजतही नाही."

मला इतकं हायसं वाटलं आणि इतकी लाजही वाटली, की कुठलं आधी वाटून घ्यावं ते कळेना.

"फक्त," तो पुढे म्हणाला, "मला एक ठरवून सांगा. मी 'घरच्या दुकानात मदत' असं लिहू, की 'दुकानात भागीदार'? दोन्ही चालतं. मदत लिहिलं तर निम्मा हिस्सा, विषय संपला. भागीदार लिहिलं, तर मागच्या तीन वर्षांची बाईंच्या नावची वर्गणी तुम्हाला भरावी लागेल. मग त्यांचं स्वतःचं खातं उघडेल. पेन्शन त्यात थोडीशीच बसेल, बाकीची भर हिश्श्यातून. हातात येणारी रक्कम तीच. आणि हे दोघांनी मिळून सांगायचं. एकाने होय आणि एकाने नाही म्हटलं तर मी परत येणार नाही, तुम्हाला कचेरीत यावं लागेल."

"भागीदार लिहा," भावोजी म्हणाले.

"मदत लिहा," ताई म्हणाली.

तपासनिसाने पेन वर उचललं.

"पंडित, तिला सांग..." भावोजी माझ्याकडे वळले.

"मेहुणे बोलणार नाहीत," तपासनीस म्हणाला.

भावोजींनी माझ्याकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं. मग ते ताईकडे वळले. त्यांचा आवाज जरा चिरकला. "भागीदार म्हटलं तर काय बिघडलं तुझं?"

ताई इस्त्रीची वायर बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "तीन वर्षांची वर्गणी भरायची आणि हातात तेवढंच यायचं! हा कुठला शहाणपणा? पैसे काय झाडाला लागलेत?"

"माझ्या तोंडून इतकं निघालंय ते कागदावर येऊ दे की."

"निघालं ना तोंडून? ऐकलं मी. कागदाला काय करायचंय?"

"मला करायचंय."

"तेव्हा नव्हतं करायचं ते? त्या माणसासमोर?"

"अगं, तो तुला शिव्या देणार होता! कोट तुझ्या अंगावर फेकला असता त्याने. म्हणून म्हटलं, ती काही करत नाही."

"मग फेकू द्यायचा होता! मी झेलला असता. खूण चुकली कुणाची?"

"माझी."

"हे तेव्हा म्हणाला असतात तर?"

"तू वर निघून गेलीस!"

"जिन्याला पायऱ्या होत्या. चढता आलं असतं तुम्हाला."

तपासनीस कोट मांडीवर घेऊन बसला होता, नाटकाला आल्यासारखा.

"आणि वर्गणी भरायची कुठून?" ताईने पुन्हा धंद्याचं काढलं. "मला आधी दुसरी कामं आहेत त्या पैशांची."

"दातांचं मी बघतो."

ताई माझ्याकडे वळली. "छोट्या!"

"मी नाही सांगितलं," मी म्हणालो. आणि खरंच नव्हतं सांगितलं.

"त्याला कशाला धरतेस? तू एका बाजूने चावतेस. समोर बसून दोन वेळा जेवतो मी. आंधळा आहे का?"

"दिसत होतं तर बोलला का नाहीत?"

"बोलायचं नव्हतं ना आपल्याला!"

यावर ताईला हसू आलं असावं, पण तिने ते दाबलं, कदाचित त्या हलणाऱ्या दाढेमुळे. ती तपासनिसाला म्हणाली, "साहेब, एक विचारते. ते भागीदाराचं स्वतःचं खातं म्हणता, ते उद्या हे नसले तरी माझंच राहील?"

"तुमचंच. हे असोत, नसोत. तुम्ही वेगळ्या झालात तरी. हिस्सा यांच्यावर अवलंबून. खातं तुमचं."

"आणि कमीत कमी असलं तरी माझं?"

"अगदी चार आणे असले तरी."

ताईने बोटावरची वायर सोडली. "मग भागीदार लिहा. वर्गणी हे भरतील."

"मी?" भावोजी म्हणाले. "भागीदार म्हणजे निम्मं-निम्मं असतं."

"निम्मं-निम्मं आजपासून. मागच्या तीन वर्षांचा पगार कुठे मिळाला मला? आणि दात वेगळे. दात म्हणालात तुम्ही, साहेबांसमोर."

"दात वेगळे," तपासनीस म्हणाला. "मी ऐकलंय." आणि त्याने लिहिलं.

दोघांच्या सह्या झाल्या. कागद आवरताना त्याने एक पान पुन्हा वर काढलं. "खिडकीवरून एक शेरा आलाय. नवरा-बायको एकमेकांशी बोलत नाहीत, विभक्त असण्याची शंका. कुणी दिली ही माहिती?"

भावोजी आणि ताई दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी कापडाचा पोत निरखत होतो.

"चुकीची माहिती आहे," तपासनीस म्हणाला, आणि शेऱ्यावर काट मारली. कोट परत देताना त्याने आपल्या खाली गेलेल्या खांद्यावर हात ठेवून विचारलं, "ह्याचं काही होईल का हो?" भावोजींनी तिथेच टेप काढली. ताईने मापं लिहून घेतली. मला वाटतं, ती मापं भावोजींनी थेट तिला सांगितली, पण त्या गडबडीत मी नीट लक्ष दिलं नाही.

वर्गणी भरायला त्यांना एक जुनं शिलाई मशीन विकावं लागलं. ते तसं पडूनच होतं, पण भावोजी त्याला हात लावू देत नसत. मंजुरी यायला बराच वेळ लागला. दोन वेळा कचेरीत खेटे घातले, एकदा माझ्याच चुकीने, कारण मी ताईच्या जन्माचं वर्ष माझं लिहिलं होतं. शेवटी दोन ओळींची मंजुरी आली. पहिल्या ओळीत ताईची स्वतःची पेन्शन, इतकी लहान की भावोजी म्हणाले, एवढ्यात बटणंही येणार नाहीत. दुसऱ्या ओळीत हिश्श्यातली भर. दोन्ही मिळून भावोजींच्या बरोबर निम्मे.

पहिल्या महिन्याचे पैसे जमा झाले, त्या दिवशी मी ताईला म्हणालो, बँकेत बरोबर येऊ का. ती म्हणाली, "कशाला? तिथे मला बोलता येतं." ती एकटीच गेली. तिने पैसे काढले नाहीत. नुसतं पासबुक भरून घेतलं आणि परत आली. दात भावोजींनीच करवून दिले. कवळी बसवायला ते स्वतः बरोबर गेले होते, आणि दातवाल्याशी रंगावरून हुज्जत घालून आले. कापडाचा रंग जुळवायची आयुष्यभर सवय, दातांचा कसा सोडतील?

त्या दोघांचं बोलणं सुरू झालं असं म्हणणं जरा जास्त होईल. धंद्याचं थेट बोलतात. घरचं अजून बरंचसं इस्त्री आणि भिंतीमार्फत चालतं, आणि पाहुणे येणार असले तर मला बोलावणं येतं. त्यात रागापेक्षा सवयच जास्त असावी. इतक्या वर्षांनंतर समोरच्या माणसाकडे बघून "उद्या भाजी कुठली आणू" म्हणणं त्यांना अवघड जात असेल, असं मला वाटतं. मी लग्न केलेलं नाही, तेव्हा मला यातलं किती कळतं, कोण जाणे.

परवा भावोजींनी एका बँडवाल्यांच्या पथकाच्या सगळ्या कोटांची ऑर्डर घेतली, आठवड्यात देण्याच्या बोलीवर. गिऱ्हाईक रस्त्यावर पोचायच्या आतच ताईचा आवाज मला वरपर्यंत ऐकू आला.

"मला न विचारता घेतलीत कशी? प्रत्येक कोटाला सहा काजं, ती काय तुम्ही करणार?"

"अगं, चांगली ऑर्डर आहे."

"भागीदाराला विचारायचं असतं. जा, त्यांना गाठा आणि पंधरा दिवस मागून घ्या."

"आता दिला शब्द."

"तुम्ही दिलात. मी नाही दिला."

मी खिडकीतून पाहिलं. भावोजी टेप गळ्यातच ठेवून रस्त्याने त्या बँडवाल्यांच्या मागे घाईघाईने चालले होते, आणि ताई दारात उभी राहून "डावीकडे वळले ते, डावीकडे!" असं त्यांना ओरडून सांगत होती.